रक्तदात्यांच्या रांगेत भाताचे रोप

(स्वेच्छा रक्तदान शिबिरांच्या संयोजकांसमोर केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



जुलै २०२५ मध्ये चीनच्या औषध नियामक संस्थेने एका इंजेक्शनला मान्यता दिली. आपल्याकडील वृत्तपत्रांत या बातमीला फारशी जागा मिळाली नाही. परंतु आपण ज्या क्षेत्रात काम करतो, त्या क्षेत्राच्या दृष्टीने ती साधी बातमी नव्हती. या इंजेक्शनात असलेले अल्ब्युमिन हे मानवी रक्तातील प्रथिन आहे. मात्र ते कुणा दात्याच्या दंडातून आलेले नाही. ते भाताच्या दाण्यातून काढलेले आहे. यकृताच्या सिरॉसिसमुळे ज्यांच्या रक्तातील अल्ब्युमिन घटले आहे, अशा रुग्णांसाठी त्याला परवानगी मिळाली आहे.

साहजिकच आपल्यापैकी अनेकांच्या मनात प्रश्न उभा राहिला असेल. रक्तातील घटक शेतात पिकू लागले, तर उद्या शिबिरे भरवायची कशाला? या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा आज मी प्रयत्न करणार आहे. मी विज्ञानाचा विद्यार्थी नाही. कला शाखेची पदवी घेऊन वृत्तपत्राच्या कचेरीत हयात घालवलेला माणूस आहे. त्यामुळे प्रयोगशाळेतील बारकाव्यांपेक्षा त्यांचा समाजाशी असलेला संबंध मला अधिक दिसतो, आणि आपल्यालाही निर्णय घ्यायचा आहे तो त्याच अंगाने.

प्रथम अल्ब्युमिन म्हणजे काय, हे पाहू. रक्तातील पेशी बाजूला काढल्या की पिवळसर द्रव उरतो. त्यालाच आपण प्लाझ्मा किंवा रक्तद्रव म्हणतो. रक्ताचा निम्म्याहून अधिक भाग हाच असतो. या रक्तद्रवातील प्रथिनांपैकी निम्म्याहून अधिक वाटा एकट्या अल्ब्युमिनचा. निरोगी माणसाच्या रक्तद्रवात लिटरमागे ३५ ते ५० ग्रॅम अल्ब्युमिन असते आणि आपले यकृत ते दररोज १० ते १५ ग्रॅम या प्रमाणात निमूटपणे घडवीत असते. रक्तवाहिनीतील पाणी रक्तवाहिनीतच राखणे, हे त्याचे मुख्य काम. याशिवाय संप्रेरके, स्निग्धाम्ले, बिलिरुबिन आणि अनेक औषधे यांची ने-आणही तेच करते. ते घटले की पायावर सूज येते, पोटात पाणी साठते. घरात यकृताचा रुग्ण असलेल्या कुटुंबाला हे चित्र सांगावे लागत नाही.

हे प्रथिन रक्तातून वेगळे काढण्याची रीत युद्धाच्या गरजेतून जन्मली. १९४० च्या सुमारास हार्वर्ड विद्यापीठातील एडविन कोहन यांनी थंड अल्कोहोलच्या साहाय्याने रक्तद्रवातील प्रथिने टप्प्याटप्प्याने निराळी करण्याची पद्धत बसवली. डिसेंबर १९४१ मध्ये पर्ल हार्बरवर हल्ला झाला, तेव्हा होरपळलेल्या जवानांना हे अल्ब्युमिन देण्यात आले. तेव्हापासून आजतागायत जगातील बहुतांश अल्ब्युमिन मूलतः याच पद्धतीने तयार होत आले आहे. कच्चा माल एकच आणि तो म्हणजे माणूस.

मित्रहो, एखाद्या औषधाचा कच्चा माल माणूस हाच असेल, तेव्हा काय काय घडू शकते, याचा इतिहास आपण विसरता कामा नये. चीनच्या हेनान प्रांतात १९९० च्या दशकात गरीब शेतकऱ्यांकडून रक्तद्रव विकत घेण्याचा धंदा बोकाळला. अनेकांचे रक्त एकत्र करायचे, त्यातील रक्तद्रव काढून घ्यायचा आणि उरलेल्या लाल पेशी पुन्हा त्या विक्रेत्यांच्या अंगात सोडायच्या, अशी ही रीत. पेशी परत मिळाल्या की माणूस लवकर पुन्हा रक्त विकू शकतो, हा त्यामागचा हिशेब. या हिशेबातून गावेच्या गावे एड्सच्या विळख्यात सापडली. गाओ याओजिए या निवृत्त स्त्रीरोगतज्ज्ञ महिलेने हे प्रकरण धैर्याने जगासमोर आणले. २००३ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला; पण मायदेशी त्यांच्यावर पाळत आणि नजरकैद आली. २०२३ च्या डिसेंबरमध्ये न्यूयॉर्कमध्ये परदेशवासातच त्यांनी जगाचा निरोप घेतला.

हे केवळ चीनमध्येच घडले, असेही नाही. ब्रिटनमध्ये १९७० ते १९९० च्या दरम्यान दूषित रक्त आणि रक्तघटक यांच्यामुळे ३० हजारांहून अधिक लोकांना एचआयव्ही किंवा हेपॅटायटिस सी यांचा संसर्ग झाला. त्यांपैकी सुमारे तीन हजार मृत्युमुखी पडले. हिमोफिलियाच्या रुग्णांना दिले जाणारे रक्त गोठवणारे घटक हजारो दात्यांच्या रक्तद्रवातून एकत्र तयार होत आणि त्यासाठी अमेरिकेतील तुरुंगांत पैसे देऊन गोळा केलेला रक्तद्रवही वापरला जाई. सर ब्रायन लँगस्टाफ यांच्या चौकशी आयोगाने मे २०२४ मध्ये दिलेल्या अहवालात शासन आणि वैद्यकीय यंत्रणा या दोघांनाही दोषी धरले. आपल्या देशात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली 'कॉमन कॉज' खटल्यात निकाल दिला आणि १ जानेवारी १९९८ पासून पैसे घेऊन रक्त देण्यावर बंदी आली. आज आपण ज्या स्वेच्छा रक्तदानाचा अभिमान बाळगतो, त्यामागे हा निकाल उभा आहे.

येथे एक भेद स्पष्ट करणे प्रामाणिकपणाचे ठरेल. दूषित घटकांमुळे जे बळी गेले, ते प्रामुख्याने रक्त गोठवणाऱ्या घटकांमुळे गेले, अल्ब्युमिनमुळे नव्हे. अल्ब्युमिन हे उष्णता सोसणारे प्रथिन आहे. ते ६० अंश सेल्सिअसला सलग दहा तास तापवून निर्धोक करता येते आणि ही रीत चाळीसच्या दशकापासून रूढ आहे. त्यामुळे 'माणसाचे अल्ब्युमिन घातक, म्हणून भाताचे हवे' असा प्रचार कुणी करील, तर तो पूर्ण सत्य नव्हे. भाताच्या अल्ब्युमिनचा खरा आधार पुरवठ्याचा आहे. जगाची अल्ब्युमिनची वार्षिक गरज सुमारे ५०० टन असल्याचे या विषयावरील २०११ च्या शोधनिबंधात नमूद केले आहे. आणि जगातील औषधनिर्मितीसाठी लागणाऱ्या रक्तद्रवाचा सर्वांत मोठा वाटा आजही एकट्या अमेरिकेतून, पैसे घेऊन रक्तद्रव देणाऱ्यांकडून येतो. जगभरच्या रुग्णांनी एका देशातील गरजू माणसांच्या दंडांवर विसंबून राहावे, ही स्थिती नैतिकही नाही आणि सुरक्षितही नाही.

आता हे भातात घडते कसे? प्रत्येक प्रथिनाचा आराखडा जनुकात लिहिलेला असतो. अल्ब्युमिन ही ५८५ अमिनो आम्लांची एक साखळी आहे. तिचा आराखडा असलेले मानवी जनुक दुसऱ्या सजीवाच्या पेशीत नेऊन बसवले, तर ती पेशी ते प्रथिन घडवू लागते. जनुकांच्या अशा जोडणीतून तयार झालेल्या प्रथिनाला पुनःसंयोजित प्रथिन म्हणतात. मधुमेहाचे रुग्ण जे मानवी इन्सुलिन टोचून घेतात, ते १९८२ पासून याच तत्त्वाने, जिवाणूंकडून घडवून घेतले जाते. अल्ब्युमिनची अडचण निराळी. इन्सुलिनची मात्रा मिलिग्रॅमहूनही सूक्ष्म असते. अल्ब्युमिन मात्र एका वेळी वीस-वीस, चाळीस-चाळीस ग्रॅम द्यावे लागते. एवढे प्रथिन पोलादी टाक्यांत वाढवायचे, तर खर्च आवाक्याबाहेर जातो. म्हणून शास्त्रज्ञांची दृष्टी वनस्पतींकडे वळली. वनस्पतीला ऊन, पाणी आणि माती पुरते. शिवाय माणसाला बाधणारे विषाणू वनस्पतीत वाढत नाहीत.

१९९० साली नेदरलँड्समधील संशोधकांनी तंबाखू आणि बटाटा यांच्या रोपांत मानवी अल्ब्युमिन घडवून दाखवले. १९९७ मध्ये फ्रेंच संशोधकांनी तंबाखूच्या रोपात मानवी हिमोग्लोबिन तयार केले. शक्यता सिद्ध झाली, पण हाती येणारे प्रमाण अत्यल्प होते. शिवाय पानात प्रथिन साठवले की ते टिकत नाही. पान तोडल्यापासून त्याचा ऱ्हास सुरू होतो. चीनच्या वुहान विद्यापीठातील यांग दाइचांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाण्याची वाट धरली. बी म्हणजे निसर्गाने केलेले कोठारच. अंकुराला पुढे लागणारे अन्न झाड तेथे साठवते आणि ते कोरड्या अवस्थेत महिनोन्महिने टिकते. दाण्यातच काम करणाऱ्या भाताच्या जनुकाची कळ अल्ब्युमिनच्या जनुकाला जोडली, म्हणजे अल्ब्युमिन मुळात वा पानात न बनता दाण्यात बनते. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या शोधनिबंधानुसार दाण्यातील विद्राव्य प्रथिनांपैकी दहा टक्क्यांहून अधिक भाग मानवी अल्ब्युमिनचा होता आणि कोंडा न काढलेल्या एक किलो तांदळातून २.७५ ग्रॅम शुद्ध अल्ब्युमिन हाती आले.

आकडे रूक्ष असतात, पण येथे ते बोलतात. रुग्णालयात दिली जाणारी अल्ब्युमिनची वीस टक्क्यांची शंभर मिलिलिटरची बाटली घ्या. तिच्यात २० ग्रॅम अल्ब्युमिन असते. माणसाच्या एक लिटर रक्तद्रवातून साधारण २५ ग्रॅम अल्ब्युमिन मिळते आणि एका रक्तदात्याच्या पिशवीतून सुमारे २०० मिलिलिटर रक्तद्रव. म्हणजे एका बाटलीमागे चार दाते. तीच बाटली भातातून भरायची, तर वरील हिशेबाने सव्वासात किलो तांदूळ पुरतो. साऱ्या जगाची ५०० टनांची गरज भागवायची म्हटली, तरी १ लाख ८० हजार टनांच्या आसपास तांदूळ लागेल. एकटा आपला देश वर्षाला साडेतेरा कोटी टनांहून अधिक तांदूळ पिकवतो. म्हणजे आपल्या पिकाच्या हजारातील दोन भागांहूनही कमी! हा हिशेब पाहिला, म्हणजे या वाटेने जाण्याचा मोह जगाला का होतो, हे ध्यानात येते.

मात्र रक्तातील प्रत्येक प्रथिन भातात पिकेल, असा समज करून घेणे चुकीचे होईल. अल्ब्युमिनचे एक भाग्य असे की, त्याच्यावर शर्करेच्या साखळ्या नसतात. रक्तातील इतर अनेक प्रथिनांवर त्या असतात आणि वनस्पती त्या आपल्या पद्धतीने जोडते, माणसाच्या पद्धतीने नव्हे. हिमोफिलियाच्या रुग्णांना लागणारे आठव्या क्रमांकाचे घटकप्रथिन आकाराने प्रचंड आणि रचनेने किचकट आहे. ते १९९२ पासून सस्तन प्राण्यांच्या पेशी टाक्यांत वाढवून तयार केले जाते. नवव्या घटकाबाबत मात्र एक वेगळा आणि मनोज्ञ प्रयत्न सुरू आहे. मदुराईत शिक्षण घेतलेले आणि आता अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात असलेले हेन्री डॅनियल यांनी लेट्यूस नावाच्या पालेभाजीच्या हरितलवकात हा घटक घडवला. काही हिमोफिलिया रुग्णांचे शरीर टोचलेल्या घटकालाच परके समजून त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते आणि मग उपचारच निष्प्रभ ठरतो. ही वाळवलेली पाने आधी खाऊ घातली, तर शरीर त्या घटकाला सहन करू लागते का, हा त्यांचा प्रश्न. हिमोफिलिया असलेल्या कुत्र्यांवरील २०१७ सालच्या प्रयोगांत त्याचे आशादायक उत्तर मिळाले. अर्थात कुत्र्यांवरील आशा म्हणजे माणसासाठीचे औषध नव्हे.

या क्षेत्राच्या वाटेवर खाचखळगेही पुष्कळ आहेत. २०१२ साली अमेरिकेत गाजराच्या पेशींत घडवलेल्या एका मानवी विकराला गोशे या दुर्मीळ आजारासाठी मान्यता मिळाली, हे खरे. परंतु तंबाखूच्या कुळातील रोपात तयार केलेल्या आणि २०२२ मध्ये कॅनडाने मान्य केलेल्या कोविडच्या लशीची निर्माती कंपनी दुसऱ्याच वर्षी गुंडाळण्यात आली. जपानमध्ये यीस्टपासून बनवलेल्या पुनःसंयोजित अल्ब्युमिनला २००७ साली मान्यता मिळाली होती. चाचण्यांच्या माहितीत फेरफार झाल्याचे उघड झाल्यामुळे २००९ मध्ये ते बाजारातून मागे घ्यावे लागले. यापासून घ्यायचा बोध उघड आहे. अल्ब्युमिन मोठ्या मात्रेत थेट शिरेत जाते. त्यात भाताचे किंवा यीस्टचे प्रथिन नाममात्र राहिले, तरी ते ग्रॅमच्या मात्रेत गुणले जाते. त्यामुळे पीक काढणे हा या कामाचा सोपा भाग. शुद्धीकरण हा कठीण आणि खर्चिक भाग. तो नीट झाला की नाही, हे तपासणारी यंत्रणा निःस्पृह असली पाहिजे.

आता मी ज्या मुद्द्याकडे येत आहे, तो आपल्या मातीशी निगडित आहे. आपल्या पुराणांत रक्तबीज नावाचा असुर आहे. त्याच्या रक्ताचा थेंब भूमीवर पडला की त्यातून दुसरा रक्तबीज उभा राही. पुराणातल्या कथेत आधुनिक विज्ञान शोधण्याचा अट्टहास मी करणार नाही. पण प्रतिमा म्हणून ही कथा मोठी मार्मिक आहे. रक्तातील प्रथिनाचे बीज जमिनीत पडेल, उगवेल आणि आपण ठरवलेल्या बांधाच्या पलीकडेही उगवेल, ही शंका अनाठायी नाही. २००२ साली अमेरिकेतील नेब्रास्का राज्यात आदल्या हंगामातील औषधी मक्याची रोपे सोयाबीनच्या शेतात उगवली आणि त्यांचा अंश पाच लाख बुशेल सोयाबीनमध्ये मिसळला. तो सगळा साठा नष्ट करावा लागला आणि कंपनीला अडीच लाख डॉलरचा दंड झाला. २००६ मध्ये तणनाशक सहन करणाऱ्या, तोवर मान्यता नसलेल्या जनुकीय तांदळाचे अंश अमेरिकेच्या तांदळात सापडले. युरोप आणि जपान यांनी खरेदीवर निर्बंध घातले. शेतकऱ्यांच्या दाव्यांपोटी संबंधित कंपनीने २०११ साली ७५ कोटी डॉलर देण्याचे मान्य केले. तो तांदूळ औषधी नव्हता, तरीही एवढा हाहाकार उडाला.

भात हे मुख्यतः स्वपरागी पीक आहे, परपरागणाचे प्रमाण अल्प असते, हा युक्तिवाद मी ऐकला आहे आणि तो खोटा नाही. परंतु अल्प म्हणजे शून्य नव्हे. शिवाय मिसळ केवळ परागाने होत नाही. ती मळणी यंत्रात होते, पोत्यात होते, गोदामात होते. जेथे बांधाला बांध लागून भात आहे, जेथे रानभात अजून तळ्याकाठी उगवतो, जेथे आजऱ्याचा घनसाळ आणि भंडाऱ्याचा चिन्नोर यांसारखी वाणे पिढ्यानपिढ्या जपली गेली आहेत, त्या देशाने औषधी भाताविषयी अधिक सावध असले पाहिजे. अमेरिकेतील व्हेंट्रिया कंपनीने मिसुरी राज्यात मानवी प्रथिनांचा भात लावायचे ठरवले, तेव्हा २००५ साली एका बड्या बिअर उत्पादकाने त्या राज्याचा तांदूळच न घेण्याची धमकी दिली. अखेर कंपनी कॅन्सास राज्यात गेली, जेथे व्यापारी भातशेती होत नाही. औषधाचा भात अन्नाच्या भातापासून दूर हवा, हे तत्त्व बाजाराने शिकवले. आपल्याकडे ते कायद्याने आधीच शिकवलेले बरे. माझे मत विचाराल, तर आपल्या देशात असे प्रयोग व्हावेत. पण ते बंदिस्त हरितगृहात, टाकीतील वनस्पतिपेशींत किंवा ज्या वनस्पती आपण खात नाही त्यांत व्हावेत. भाताचे खुले शेत हा शेवटचा पर्याय असावा.

यावर कुणी म्हणेल, मग आयात करू. येथे स्वामित्वहक्काचा प्रश्न उभा राहतो. भातातील अल्ब्युमिनवरून अमेरिकेची व्हेंट्रिया आणि वुहानची हेल्थजेन या कंपन्यांत अनेक वर्षे वाद चालला. अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाने पेटंटभंगाच्या कारणावरून वुहानच्या मालाला प्रवेशबंदी केली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तेथील अपील न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. दोन बलाढ्य देश एका प्रथिनासाठी कोर्टात भांडतात, यावरूनच त्याचे मोल कळावे. हळदीचे पेटंट आपण १९९७ मध्ये रद्द करून घेतले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने तो लढा जिंकला, कारण आपल्या जुन्या ग्रंथांत त्या ज्ञानाचा पुरावा होता. येथे जुना ग्रंथ कामी येणार नाही. येथे आपल्या प्रयोगशाळांनी आजच काम केले, तरच उद्या आपल्या हाती काही असेल. विदेशी रक्तद्रवाच्या जागी विदेशी तांदूळ आला, तर परावलंबन तेच राहील. फक्त बाटलीवरचे नाव बदलेल.

याहून जवळचा एक उपाय आपल्या हातात आहे, त्याकडे मी लक्ष वेधू इच्छितो. स्वेच्छा रक्तदानात महाराष्ट्र देशातील आघाडीच्या राज्यांपैकी एक आहे. आपल्या शिबिरांतील प्रत्येक पिशवीतून लाल पेशी वेगळ्या काढल्या की रक्तद्रव उरतो. रुग्णाला थेट लागतो त्यापेक्षा तो अधिक असतो. हा जादा रक्तद्रव योग्य तापमानाला गोठवून घटकनिर्मितीसाठी पाठवला, तर त्यातून अल्ब्युमिन मिळते, प्रतिपिंडे मिळतात, रक्त गोठवणारे घटक मिळतात. नीट साठवला नाही, तर तो वाया जातो. केंद्र शासनाने २०१६ मध्ये या जादा रक्तद्रवाचा विनिमय दर लिटरला १६०० रुपये असा ठरवून दिला. रक्तदात्याने जे निरपेक्ष बुद्धीने दिले, त्याचे पुढे काय होते, किती रक्तद्रव साठवला गेला, किती पाठवला गेला आणि त्याच्या बदल्यात रुग्णांसाठी काय आले, हे विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे. हा हिशेब प्रत्येक रक्तपेढीने दरवर्षी आपल्या संयोजकांसमोर ठेवला पाहिजे. दान देणाऱ्याने मोजायचे नसते, हे खरे. पण दान सांभाळणाऱ्याने मोजलेच पाहिजे.

दुसरी गोष्ट वापराची. अल्ब्युमिन ही काही 'ताकदीची बाटली' नव्हे. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधील अतिदक्षता विभागांत सुमारे सात हजार रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले. शरीरातील द्रव भरून काढण्यासाठी अल्ब्युमिन दिलेले रुग्ण आणि साधे सलाइन दिलेले रुग्ण यांच्या मृत्यूच्या प्रमाणात फरक आढळला नाही. सिरॉसिसच्या रुग्णाच्या पोटातील पाणी मोठ्या प्रमाणात काढताना, किंवा त्या पाण्यात जंतुसंसर्ग झाला असता, अल्ब्युमिनचा उपयोग निश्चित आहे. पण रक्ततपासणीत आकडा कमी दिसला म्हणून बाटली लावायची, ही प्रथा अनेकदा निराधार असते. एक बाटली काही हजार रुपयांना पडते. ती आणण्यासाठी दागिना गहाण टाकणाऱ्या घराला एवढे सांगणे आवश्यक आहे की, डॉक्टरांना विनयाने विचारा, 'साहेब, याची खरोखर गरज आहे का?' भाताने पुरवठा वाढला आणि भाव उतरला, तर हा प्रश्न सुटणार नाही. उलट स्वस्ताई आली म्हणून वारेमाप वापर वाढण्याचा धोका आहे.

आता आरंभीच्या शंकेचे उत्तर. शिबिरे बंद होणार आहेत का? नाही. भाताच्या दाण्यात एक प्रथिन पिकते. रक्त पिकत नाही. लाल पेशी कुठल्याही झाडाला लागत नाहीत. थॅलेसेमियाच्या मुलाला दर दोन-चार आठवड्यांनी लाल पेशी लागतात आणि त्या साधारण ३५ ते ४२ दिवसच टिकतात. प्लेटलेट्स तर पाच दिवसांपलीकडे ठेवता येत नाहीत. बाळंतपणात रक्तस्राव झालेल्या मातेला, अपघातात सापडलेल्या तरुणाला, शस्त्रक्रियेच्या मेजावरील रुग्णाला आजही दुसऱ्या माणसाचाच दंड वाचवतो. मुंबईच्याच डॉ. य. मो. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ साली जगासमोर आणलेल्या 'बॉम्बे' रक्तगटाचा रुग्ण आठवा. त्याला त्याच गटाच्या दात्याखेरीज जगात कुणाचेही रक्त चालत नाही. अशा दात्याचा शोध कोणतेही शेत घेऊ शकत नाही. तो शोध आपल्या याद्या घेतात, आपले मध्यरात्रीचे दूरध्वनी घेतात.

मग भाताच्या या रोपाकडे आपण कसे पाहावे? प्रतिस्पर्धी म्हणून नव्हे, तारणहार म्हणूनही नव्हे. रक्तदात्यांच्या रांगेत उभ्या राहिलेल्या एका नव्या सोबत्यासारखे पाहावे. नव्या दात्याला आपण काय करतो? त्याचे स्वागत करतो. आणि मग त्याचे वजन पाहतो, हिमोग्लोबिन तपासतो, आजारांची विचारपूस करतो, रक्ताच्या चाचण्या करतो. स्वागत आहे म्हणून तपासणी टाळत नाही. तपासणी आहे म्हणून स्वागतात उणेपणा ठेवत नाही. तोच न्याय येथे लावायचा. औषधाची शुद्धता सिद्ध व्हावी, पिकाची सीमा निश्चित व्हावी, किंमत सामान्य घराला परवडावी आणि ज्ञान आपल्या देशात रुजावे, या चार कसोट्यांना तो उतरला, तर हेनानच्या शेतकऱ्यावर आलेली पाळी उद्या जगातील दुसऱ्या कोणत्याही गरिबावर येणार नाही. रक्तद्रव विकून पोट भरण्याची वेळ माणसावर येऊ नये, यासाठी एखादे रोप उपयोगी पडत असेल, तर ते आपल्याच ध्येयाचे काम करीत आहे, असे मी मानतो.

तोवर येत्या उन्हाळ्याचा विचार करू या. एप्रिल-मेमध्ये महाविद्यालये बंद होतात, शिबिरे रोडावतात आणि रक्तपेढ्यांची कपाटे रिकामी होऊ लागतात. त्या दोन महिन्यांत प्रत्येकाने आपापल्या वस्तीत एकेक तरी शिबिर घ्यावे आणि ज्या रक्तपेढीला ते रक्त देऊ, तिच्याकडे रक्तद्रवाचा हिशेब लेखी मागावा, एवढी विनंती करतो आणि आपली रजा घेतो.